मीटरच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण?

मुंबई असो, पुणे असो वा नागपूर, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील जिन्याखालचे दृश्य बहुधा सारखेच असते. काळवंडलेल्या लाकडी फळीवर दाटीवाटीने बसविलेली मीटरे, त्यांच्यावर वर्षानुवर्षे साचलेली धूळ, एका कटआऊटमधून दुसऱ्यात ओढलेल्या वायरी, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची जाड तार आणि या सर्वांच्या पायाशी रद्दीचे गठ्ठे, मोडकी सायकल, गेल्या गणेशोत्सवातील मखराचे उरलेले सामान. इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाचा दिवा याच कोपऱ्यातून पेटतो. दुर्दैवाने कधी ठिणगी पडलीच, तर वरच्या रहिवाशांच्या सुटकेची जी एकमेव वाट, त्याच जिन्याने धूरही वर चढतो.

दुर्घटना घडल्यानंतरचा संवादही ठरलेला असतो. वीज कंपनी सांगते की, तिची जबाबदारी मीटरपाशी संपली. सोसायटीचे पदाधिकारी म्हणतात की, वीजजोडणी सभासदाच्या नावावर आहे, सोसायटीचा त्याच्याशी संबंध नाही. घरमालक म्हणतो की, महिन्याकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या भाड्यात तो वायरिंग कोठून बदलणार? आणि भाडेकरू म्हणतो की, इमारत त्याची नाही, मग खर्च त्याने का करावा? या चौघांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच चौघांनाही आपण निर्दोष असल्याची खात्री वाटते. नियम मात्र इतका संदिग्ध नाही. तो तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा तेवढाच तुकडा वाचतो, हे खरे दुखणे आहे.

नियमांची उतरंड

बहुबिऱ्हाडी इमारतीतील वीजजोडणीचे नियम एका पुस्तकात सापडत नाहीत. १९१०, १९४८ आणि १९९८ या तीन कायद्यांना निरस्त करून आलेला विद्युत अधिनियम, २००३ हा त्यांचा पाया. त्यानंतर येतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमावलीची जागा २०१० च्या विनियमांनी घेतली आणि त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. तिसरा थर राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेचा. महाराष्ट्रात ती प्रथम २००५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये नव्याने लागू झाली. चौथा थर भारतीय मानक ब्युरोच्या मानकांचा. वायरिंगसंबंधीचे आय. एस. ७३२, राष्ट्रीय विद्युत संहिता आणि २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता ही त्यांतील प्रमुख. आणि पाचवा थर, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तो म्हणजे गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींचा.

या पाच थरांचा परस्परसंबंध ध्यानात घेतला की, अर्धे वाद मिटतात. अधिनियम हक्क देतो. सुरक्षा विनियम कर्तव्य सांगतात. पुरवठा संहिता कार्यपद्धती आणि सीमा ठरवते. मानके काम कसे करावे हे दाखवतात आणि उपविधी खर्च कोणी करावा हे सांगतात. केवळ पहिला थर वाचणाऱ्याला हक्क तेवढे दिसतात, केवळ तिसरा वाचणाऱ्याला मीटरची सीमा तेवढी दिसते. इमारत मात्र पाचही थरांवर उभी असते.

सर्व्हिस लाईन कोणाची?

अधिनियमाच्या कलम २ मधील 'सर्व्हिस लाईन'ची व्याख्या या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. एका ग्राहकाला वीज पोहोचविणारी तार ही तर सर्व्हिस लाईन आहेच. पण एकाच जागेतील किंवा लगतच्या जागांतील ग्राहकांच्या समूहाला, मुख्य वितरण वाहिनीच्या एकाच बिंदूपासून वीज पोहोचविणारी तारही सर्व्हिस लाईनच होय, असे ही व्याख्या सांगते. म्हणजे वीस बिऱ्हाडांना वीस वेगवेगळ्या केबल रस्त्यावरून आणाव्यात, असा कायद्याचा आग्रह नाही. एक केबल वीस जणांची असू शकते. कायद्याने समूहाची कल्पना येथे प्रारंभीच मान्य केली आहे.

एकदा केबल सामायिक झाली की, पुढचा प्रश्न उपस्थित होतो. एका बिऱ्हाडातील बिघाडाची झळ बाकीच्या एकोणीस घरांना का बसावी? याचे उत्तर १९५६ च्या नियमावलीपासून चालत आलेल्या एका छोट्या तरतुदीत आहे. एका सामायिक सर्व्हिस लाईनवरून एकापेक्षा अधिक ग्राहकांना वीज दिली जात असेल, तर त्या सामायिक वाहिनीशी प्रत्येक ग्राहकाचा जोड जेथे पक्का केलेला असतो, तेथेच त्याच्यासाठी स्वतंत्र स्विचगियर असले पाहिजे. ही साधने हाताशी येतील अशा जागी आणि आगीला दाद न देणाऱ्या पेटीत बसवावीत, हेही त्याच तरतुदीत आले आहे. आता जिन्याखालची ती लाकडी फळी पुन्हा डोळ्यांपुढे आणावी. पेटी लाकडाची आहे, फ्यूजच्या जागी जाड तार आहे आणि हाताशी येणारी जागा रद्दीच्या गठ्ठ्यांनी अडलेली आहे. एका ओळीच्या नियमाचा तीन ठिकाणी भंग झालेला असतो आणि त्या तिन्हींसाठी दोषी वेगवेगळे असतात. पेटी व कटआऊट कंपनीच्या अखत्यारीत, जाड तार कोणा हौशी वायरमनची कृपा आणि रद्दी रहिवाशांची.

'कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते' हे वाक्यही अर्धेच खरे आहे. ग्राहकाच्या जागेत असलेल्या, परंतु कंपनीच्या मालकीच्या वा ताब्यातील सर्व तारा, जोड आणि उपकरणे सुरक्षित स्थितीत ठेवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य असल्याचे सुरक्षा विनियम स्पष्टपणे सांगतात. म्हणजे मीटरपर्यंतची केबल, कटआऊट आणि मीटर यांची देखभाल कंपनीने तक्रारीची वाट न पाहता करावयाची आहे. त्याच तरतुदीचा दुसरा भाग ग्राहकाला बांधतो. त्याच्या ताब्यातील वायरिंग सुरक्षित राखणे हे त्याचे कर्तव्य. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. फक्त सीमारेषेची जागा ठरलेली आहे.

मधला टापू

खरी मेख आहे ती मधल्या टापूत. मीटर तळमजल्यावर आहे आणि घर चौथ्या मजल्यावर. मीटरपासून घरातील मुख्य स्विचपर्यंत जाणारी वायर डक्टमधून, जिन्याच्या भिंतीवरून, कधी गच्चीवरून जाते. ती कंपनीची नाही, कारण मीटर मागे राहिले. ती सभासदाच्या घरातही नाही, कारण घर अजून यायचे आहे. मग ती कोणाची?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देतात. संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्तीच्या यादीत जिने, गच्ची, पाण्याच्या बाहेरील वाहिन्या, बाहेरच्या भिंती यांच्या जोडीने सदनिकांतील मुख्य स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांचाही उल्लेख आहे. ज्या यादीच्या आधारे सभासद गच्चीच्या गळतीसाठी सोसायटीच्या चिटणीसाला धारेवर धरतात, त्याच यादीत ही ओळ आहे. तरीही गळतीवर वार्षिक सभेत तासभर चर्चा होते आणि वीजवाहिन्यांचा विषय पत्रिकेवरही येत नाही. छतातून ठिबकणारे पाणी दिसते, वायरीत साचणारी उष्णता दिसत नाही.

म्हणजे सोसायटीच्या इमारतीत जबाबदारीचे तीन टप्पे होतात. मीटरपर्यंत वीज कंपनी, मीटरपासून सदनिकेच्या मुख्य स्विचपर्यंत संस्था आणि मुख्य स्विचच्या पुढे सभासद. ही विभागणी एकदा मीटरच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावली, तर अनेक इमारतींतील वर्षानुवर्षांचे वाद संपतील.

संस्थेकडे पैसा कोठून येणार, हा आक्षेप लगेच घेतला जाईल. त्याचेही उत्तर उपविधींत आहे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी सभासदांकडून घ्यावी, असे आदर्श उपविधी सांगतात. ज्या संस्थांनी हा निधी नियमाने जमविला, त्यांना वाहिन्या बदलण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ज्यांनी मासिक देणी कमी ठेवल्याच्या आनंदात तो जमविलाच नाही, त्यांच्यावर एके दिवशी मोठा भार एकदम कोसळतो.

जे दिसत नाही ते

नियमांमागील शास्त्र समजले नाही, की नियम म्हणजे सरकारी जाच वाटू लागतो. म्हणून काही गोष्टी सोप्या शब्दांत समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट भाराची. एके काळी चाळीतील खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि फार तर रेडिओ असे. त्या हिशेबाने वायर टाकली गेली. आज त्याच खोलीत फ्रीज, वॉशिंग मशीन, दोन किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा एअर कंडिशनर आहे. २३० व्होल्टवर दोन किलोवॅटचा गीझर एकटाच सुमारे नऊ अँपियर प्रवाह ओढतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. म्हणजे घरातील उपकरणे दुप्पट झाली म्हणून धोका दुप्पट झाला, हा हिशेब फसवा आहे. त्यातच वारंवार उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून जाड तार गुंडाळली की, संरक्षणाचा शेवटचा अडसरही दूर होतो. फ्यूज उडतो तो उपद्रव नव्हे. तो वायर वाचवण्यासाठी स्वतःचे बलिदान देत असतो.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. इमारतीत येणारा पुरवठा तीन फेजचा असतो आणि बिऱ्हाडे त्या तीन फेजवर वाटलेली असतात. परतीचा मार्ग, म्हणजे न्यूट्रल, सर्वांचा एकच असतो. हा सामायिक न्यूट्रल तुटला किंवा त्याचा जोड सैल झाला, तर व्होल्टेजचे संतुलन बिघडते. ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरील घरांत २३० च्या ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाणारा दाब येऊ शकतो. एकाच क्षणी चार घरांतले टीव्ही आणि फ्रीज जळतात, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज वा एकेरी स्विच बसवू नये, ही सुरक्षा विनियमांची आज्ञा याच अनुभवातून आली आहे. स्वस्तात काम करून देणारा वायरमन 'दोन्ही बाजूंना फ्यूज, डबल सेफ्टी' असे सांगतो, तेव्हा तो इमारतीवर संकट ओढवत असतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. पुरवठा जेथे सुरू होतो त्या जागी किंवा तिच्या जवळ, ग्राहकाच्या वापरासाठी अर्थिंगचे टर्मिनल उपलब्ध करून देणे व राखणे हे पुरवठादाराचे काम आहे. तेथून घरापर्यंत अर्थची तार नेणे हे पुढचे काम. जुन्या इमारतींत हे पुढचे काम अनेकदा पाण्याच्या लोखंडी नळावर सोपवले गेले. नळाला तार बांधली की, झाले अर्थिंग. पुढे गंजलेले लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे नळ बसविण्यात आले. पाणी स्वच्छ येऊ लागले, पण तीन पिनी प्लगची तिसरी पिन भिंतीतच हरवली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. जेथे अर्धे नळ लोखंडी आणि अर्धे प्लास्टिकचे, तेथे धोका आणखी मोठा. एका घरातील गीझरची गळती दुसऱ्या घरातील नळाला स्पर्श करणाऱ्याला जाणवते. ३० मिलिअँपियर गळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी उपकरण घरात बसविणे हा व्यक्तीच्या रक्षणाचा आज सर्वमान्य उपाय आहे. गीझरच्या तुलनेत त्याची किंमत फार नाही. प्रश्न किमतीचा नसून जाणिवेचा आहे.

चौथी गोष्ट उंचीची. पंधरा मीटरहून उंच इमारतींसाठी सुरक्षा विनियमांत स्वतंत्र तरतूद आहे. २०१० च्या विनियमांनुसार अशा इमारतीत वीज वापरू इच्छिणाऱ्याने किमान ३० दिवस आधी विद्युत निरीक्षकाला सूचना द्यावयाची होती आणि निरीक्षकाच्या परवानगीवाचून पुरवठा सुरू करता येत नव्हता. वीजवाहिन्यांच्या डक्टमधून इतर कोणत्याही सेवांचे नळ वा केबल नेऊ नयेत आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर डक्टमध्ये आगरोधक अडसर असावा, हेही तेथे बजावले आहे. कारण उघड आहे. मोकळी डक्ट म्हणजे उभे धुराडे. तळमजल्यावरची ठिणगी काही मिनिटांत वरच्या मजल्यावर पोहोचवण्याची सोय. प्रत्यक्षात मात्र इंटरनेटवाला, केबलवाला आणि टेलिफोनवाला, जो येतो तो त्याच डक्टमध्ये वायर सोडतो आणि मजल्यावरचा अडसर फोडून जातो. राष्ट्रीय इमारत संहिता जिन्यात विद्युत पॅनेल ठेवू देत नाही, तेही याच कारणासाठी. जिना ही सुटकेची वाट आहे, ती धोक्याची जागा होता कामा नये.

भाडेकरूचा हक्क, मालकाची धास्ती

या सर्व चर्चेत सर्वाधिक दुर्बल कोणी असेल, तर तो भाडेकरू. पागडीच्या खोलीत राहणारी वृद्ध विधवा असो किंवा गावाहून शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी, त्याच्या नावावर मीटर देण्यास घरमालक कचरतो. 'ना-हरकत' मिळत नाही म्हणून अर्ज पडून राहतो आणि एका मीटरवर चार बिऱ्हाडे वसतात.

कायदा या बाबतीत भाडेकरूच्या बाजूने उभा आहे. अधिनियमाचे कलम ४३ मालक 'किंवा भोगवटादार' यांच्या अर्जावरून पुरवठा देण्याचे बंधन वितरण परवानाधारकावर घालते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निर्वाळा दिला की, वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालकाने ना-हरकत प्रमाणपत्र दिले नाही एवढ्या कारणावरून ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो आहे की नाही, एवढेच पुरवठादाराने पाहावयाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २९ घरमालकाला अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास वा रोखण्यास मनाई करते आणि त्यात वीज, इतकेच नव्हे तर जिन्यातील व बोळातील दिवेही येतात.

घरमालकाची धास्तीही समजून घेतली पाहिजे. मीटर भाडेकरूच्या नावावर गेले की, जागेवरचा ताबा कायमचा गेला, असे त्याला वाटते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या दाव्यांचा अनुभव असलेल्या शहरांत ही भीती निराधार आहे, असे म्हणता येत नाही. परंतु मीटर म्हणजे मालकी हक्काचा दस्तऐवज नव्हे. ते पुरवठ्याच्या कराराचे साधन आहे. जागेच्या हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात चालावा; तो वाद जिंकण्यासाठी एखाद्या कुटुंबाला अंधारात ठेवणे हा मार्ग कायद्यालाही मान्य नाही आणि माणुसकीलाही.

शिवाय एका मीटरवर चार बिऱ्हाडे ठेवण्यात आर्थिक अन्यायही दडलेला आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून अधिक, ३०१ ते ५०० ला आणखी अधिक. समजा, चार बिऱ्हाडे दरमहा प्रत्येकी ९० युनिट वापरतात. प्रत्येकाचे मीटर वेगळे असते, तर सर्व ३६० युनिटना सर्वांत खालचा दर लागला असता. एकाच मीटरवर मात्र केवळ १०० युनिट खालच्या दराने, २०० मधल्या दराने आणि ६० त्याहूनही चढ्या दराने आकारले जातात. सर्वांत कमी वीज वापरणारे गरीब कुटुंब अशा रीतीने श्रीमंताचा दर भरते. त्यावर घरमालकाने सबमीटर लावून नफा घेतला, तर दुष्काळात तेरावा महिना. परवान्याशिवाय विजेचे वितरण वा व्यापार करण्यास कलम १२ मनाई करते, हे अशा घरमालकांनी विसरू नये. मंजूर जागेखेरीज दुसऱ्या जागेत वीज नेणे किंवा घरगुती जोडणीवर तळमजल्याचा गाळा चालविणे हे कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडते आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चढ्या टप्प्यातून सुटण्यासाठी एकाच कुटुंबाने एकाच सदनिकेत दोन-तीन मीटरे घेणे, हाही नियमाच्या हेतूशी केलेला द्रोहच. स्वतंत्र मीटरचा हक्क स्वतंत्र राहणुकीतून येतो. जेथे बिऱ्हाड वेगळे, वायरिंग वेगळे, तेथे मीटर वेगळे असावे; जेथे बिऱ्हाड एक, तेथे मीटर एक. ही कसोटी मालकाला, भाडेकरूला आणि कंपनीलाही सारखीच लावली, तर कोणावरही अन्याय होत नाही.

पागडीच्या इमारतींत दुरुस्तीचा पेच अधिक कठीण आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १४ इमारत सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकते आणि त्याने किमान १५ दिवसांच्या नोटिशीनंतरही वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंना ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेण्याची मुभा देते. मात्र एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. ज्या खोलीचे भाडे आजच्या काळात चहाच्या खर्चाइतके आहे, तेथे या एक चतुर्थांशातून काय साधणार? येथे कायद्याची मर्यादा उघडी पडते आणि समाजाचे काम सुरू होते. चाळीतील वीस बिऱ्हाडे एकत्र आली, घरमालकाला विश्वासात घेतले आणि परवानाधारक ठेकेदाराकडून एकदाच संपूर्ण उभी वाहिनी बदलून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च पेलण्याजोगा असतो. जी चाळ वर्गणी काढून दहा दिवस उत्सव साजरा करू शकते, ती वर्गणी काढून जिन्याखालची लाकडी फळी बदलू शकत नाही, असे म्हणवत नाही.

नव्या गरजा, जुनी वाहिनी

'इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार आहे, मग आता खर्च कशाला?' हा युक्तिवाद अनेक ठिकाणी ऐकू येतो. पुनर्विकासाची बोलणी किती वर्षे चालतात, हे महानगरांतील रहिवाशांना सांगणे नलगे. तोवर त्याच वायरीखाली मुले झोपणार आहेत.

दरम्यान गरजा थांबलेल्या नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाहनतळात उभ्या राहू लागल्या आहेत. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याची सोय केली. बहुमजली इमारतींतील सदनिकाधारकांना प्रत्येकासाठी स्वतंत्र जोडणी किंवा संपूर्ण संकुलासाठी एक जोडणी यांपैकी निवड करण्याची आणि ती निवड पारदर्शक मतदानाने ठरविण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे. नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन, नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आली. कागदावर जोडणी तीन दिवसांत मिळेल. पण ती ज्या वाहिनीवर लागणार, ती चाळीस वर्षांपूर्वी दोन दिवे आणि एका पंख्यासाठी टाकलेली असेल, तर ही तत्परता संकटाला आमंत्रण ठरेल. म्हणून वाढीव भाराचा अर्ज करण्यापूर्वी सामायिक वाहिनीची तपासणी हा शिरस्ता व्हायला हवा. अन्यथा सभासद पार्किंगमध्ये घरातून ओढलेली एक्स्टेंशनची वायर टाकणार, हे ठरलेलेच.

कर्तव्याची वाटणी

येत्या वार्षिक सभेत प्रत्येक संस्थेने चार ठराव करावेत. मीटरची खोली मोकळी करून तिला कुलूप लावावे आणि किल्ली अडीअडचणीला चटकन मिळेल अशा ठिकाणी ठेवावी. मीटरपासून मुख्य स्विचपर्यंतच्या वाहिन्या, न्यूट्रलचे जोड आणि अर्थिंग यांची परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. कंपनीच्या हद्दीतील जळके कटआऊट आणि सैल केबल यांविषयी लेखी तक्रार नोंदवावी. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल ही दारे अधिनियमाच्या कलम ४२ ने उघडी ठेवली आहेत. आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये जानेवारी आणि जुलै या महिन्यांत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या वेळी डक्टची पाहणीही करून घ्यावी.

यांतील एकाही कामासाठी नवा कायदा लागत नाही. आहे तोच कायदा पुरेसा आहे. तो सलग वाचण्याची आणि आपल्या वाट्याचा भाग पार पाडण्याची तयारी तेवढी हवी. विजेला मालक आणि भाडेकरू हा भेद कळत नाही, सभासद आणि थकबाकीदार हाही कळत नाही. ती सैल जोड शोधते. इमारतीतील माणसांमधला जोड घट्ट असेल, तर तारेतला सैल जोड वेळीच कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. कंपनीने मीटरपर्यंत, संस्थेने दारापर्यंत आणि कुटुंबाने घरात, असे तिघांनी आपापले काम केले, तर जिन्याखालचा तो काळवंडलेला कोपरा इमारतीच्या काळजीचे कारण राहणार नाही.